ड्युटी वाढली, डबा महागला, मग सोयाबीन का नाही वाढलं?

«ताई, माझं माहेर औसा तालुक्यात. आण्णांची अकरा एकर जमीन, त्यातल्या नऊ एकरांत दरवर्षी सोयाबीनच असतं. सासर चिंचवडला, यांचं फरसाणचं छोटं युनिट आहे, सहा माणसं कामाला. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारने खाद्यतेलावरची इम्पोर्ट ड्युटी वाढवली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमचा तेलाचा डबा चारशे रुपयांनी महागला. आण्णा फोनवर म्हणाले बरं झालं, आता सोयाबीनला भाव येईल. हे चिडले, म्हणाले तुमच्या सोयाबीनसाठी माझा धंदा बसवायचा का. आणि भाव तर आलाच नाही, आण्णांचं सोयाबीन ४,१०० नेच गेलं. मग मे २०२५ ला ड्युटी कमी झाली तेव्हा आण्णा म्हणाले सरकार शहरवाल्यांचंच ऐकतं. शब्दाला शब्द वाढला, २०२५ च्या दिवाळीला आम्ही माहेरी गेलोच नाही. आता आण्णांनी सोयाबीनचे चाळीस कट्टे घरात ठेवलेत, ड्युटी परत वाढेल या आशेवर. यांचं म्हणणं ड्युटी हा प्रकारच नको. ताई, ड्युटी देशाला चांगली की वाईट? बरोबर कोण? आणि कट्टे विकायचे की ठेवायचे? – दोन्हीकडची, चिंचवड»

अगं दोन्हीकडची,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. लग्नानंतर बावीस वर्षं मी लातूरच्या एका तेल प्लांटमध्ये अकाउंट्सला होते, सोयाबीनच्या गाड्यांची बिलं माझ्याच हातून जायची, आणि माझं माहेरही शेतकऱ्याचंच, त्यामुळे हे भांडण मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय. आधी एक सांगते, मग बाकीचं. दिवाळीला माहेरी गेला नाहीत ते चुकलं. ज्या वर्षी सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यात उभी पिकं पाण्याखाली गेली त्याच वर्षी लेक-जावई आले नाहीत, हे आण्णांना सोयाबीनच्या भावापेक्षा जास्त लागलं असणार. ते बोलणार नाहीत, पण लागलंय.

आता ड्युटीचं. बऱ्याच जणांना वाटतं की इम्पोर्ट ड्युटी म्हणजे बाहेरच्या देशाला केलेला दंड, आपण मलेशियाला किंवा अर्जेंटिनाला पैसे भरायला लावतो. तसं नसतं. कांडल्याला किंवा न्हावाशेव्याला जहाज लागलं की ड्युटी भरतो आपला इथला आयातदार, तो ती रिफायनरीवाल्याच्या बिलात टाकतो, रिफायनरीवाला होलसेलरच्या, आणि शेवटी ती तुमच्या चिंचवडच्या डब्यात येऊन बसते. कधी कधी विकणारा देश आपला भाव थोडा उतरवतो, कारण भारत जगातला खाद्यतेलाचा सगळ्यात मोठा खरेदीदार आहे, पण बहुतेक भार इथेच पडतो. म्हणजे तुझ्या नवऱ्याचं म्हणणं की पैसे माझ्या खिशातून गेले, ते शंभर टक्के खरं आहे, त्यात वाद घालू नकोस.

नेमकं काय झालं ते बघ. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरची बेसिक ड्युटी शून्यावरून २० टक्के झाली, वरचे सेस धरून साडेपाचची साडेसत्तावीस झाली. रिफाइंड तेलावर पावणेचौदाची ३५.७५. एका रात्रीत. महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि सोयाबीनचा भाव हमीभावाच्या कितीतरी खाली होता (तेव्हा हमीभाव ४,८९२), त्यामुळे सरकारला काहीतरी करायचंच होतं. त्याच दिवशी कांद्याची निर्यात ड्युटीही ४० वरून २० टक्क्यांवर आणली हे लोक विसरतात.

आता ही गोष्ट नीट समजून घे, कारण इथेच सगळी मेख आहे. आपण देशात वर्षाला अडीचशे लाख टनांच्या आसपास खाद्यतेल वापरतो, त्यातलं दीडशे ते एकशे साठ लाख टन बाहेरून येतं. इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन तेल, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल. निम्म्याहून जास्त माल बाहेरचा असला की बाजाराचा भाव बाहेरचाच माल ठरवतो. ड्युटी लागते फक्त या बाहेरून आलेल्या तेलावर, सरकारी तिजोरीत पैसे तेवढ्याचेच जातात, पण महाग होतं सगळंच तेल, इथल्या करडई-शेंगदाण्यापासून राईपर्यंत, कारण कुणीही आपला माल शेजारच्यापेक्षा उगाच स्वस्त विकत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाच्या खिशातून जेवढं जातं तेवढं सरकारला मिळत नाही, मधला मोठा हिस्सा इथल्या तेलबियावाल्यांना आणि गिरण्यांना मिळावा अशी अपेक्षा असते. ड्युटीचा फायदा जो सांगतात तो हाच, आणि आण्णा ज्याची वाट बघत होते तोही हाच.

मग तो औशापर्यंत का नाही आला?

आमच्या प्लांटमध्ये एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकवायचे. सोयाबीन हे म्हणायला तेलबी आहे, पण एक क्विंटल सोयाबीन गाळलं की तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, आणि ऐंशी किलोच्या वर निघते पेंड, ज्याला बाजारात डीओसी म्हणतात. म्हणजे प्लांटवाला सोयाबीन घेताना तेलाचा भाव बघतो खरा, पण पेंडीचा भाव त्याहून जास्त बघतो, कारण पेंड कोंबडीखाद्यात जाते, थोडी पशुखाद्यात जाते आणि उरलेली निर्यात होते. ड्युटी लावली तेलावर. पेंडीला कोण विचारतं?

हिशेब करून बघ, मी गोल आकडे घेते म्हणजे आण्णांनाही तोंडी सांगता येईल. धर, ड्युटीमुळे तेल किलोमागे वीस रुपयांनी वाढलं. अठरा किलो गुणिले वीस, म्हणजे क्विंटलला ३६० रुपये जास्त, आणि तेही प्लांटवाल्याने एक पैसा स्वतःकडे न ठेवता सगळे शेतकऱ्याला दिले तर. आता धर, पेंड किलोमागे पाचच रुपयांनी उतरली. ऐंशी गुणिले पाच, ४०० गेले. आले ३६०, गेले ४००. डबा महागला आणि सोयाबीन होतं तिथेच, उलट चाळीस रुपये खालीच. हे माझे धरलेले आकडे आहेत, पण झालं साधारण असंच. ब्राझील, अर्जेंटिनात पीक भरपूर आलं, जगात पेंडीचा ढीग झाला, आपली पेंड जीएम (जनुकीय बदल केलेली) नसलेली म्हणून चांगली असली तरी महाग, त्यामुळे बाहेरचा गिऱ्हाईक कमी. त्यात इथे मका आणि तांदळापासून इथेनॉल करायचे कारखाने वाढले, त्यातून उरतो तो डीडीजीएस नावाचा चोथा स्वस्तात मिळायला लागला, आणि पोल्ट्रीवाल्यांनी, पशुखाद्यवाल्यांनी पेंड कमी करून तो वापरायला सुरुवात केली. इथेनॉलला सरकारनेच प्रोत्साहन दिलं, तेलावरची ड्युटीही सरकारनेच वाढवली, आणि या दोन निर्णयांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे बघितलं कुणी असं मला तरी दिसलं नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हे न समजण्यासारखं काहीच नव्हतं, कुठल्याही प्लांटच्या मुनीमाने चहा पिता पिता सांगितलं असतं.

आणि दुसरी गळती नेपाळची. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांतल्या मुक्त व्यापाराच्या करारामुळे नेपाळहून येणाऱ्या मालावर ड्युटी शून्य. नेपाळात ना पामची झाडं ना एवढं सोयाबीन, तिथेही कच्चं तेल बाहेरूनच येतं, पण ते तिथे रिफाइन करून इकडे पाठवलं की ड्युटी लागत नाही, आणि इथली ड्युटी साडेसत्तावीस-पस्तीस झाल्यावर हा रस्ता एकदम फायद्याचा झाला आणि तिकडून येणारं तेल जोरात वाढलं. भिंत उंच केली की बाजूच्या फटीला किंमत येते. ड्युटी जितकी मोठी तितका तिला वळसा घालायचा मोह मोठा.

म्हणजे यांच्या खिशातून गेले हे खरं, आण्णांच्या खिशात आले नाहीत हेही खरं. तुझ्या घरातली दोन माणसं एकमेकांवर चिडलीत, पण यातल्या एकानेही दुसऱ्याचं काही घेतलेलं नाही.

आता यांचं पुढचं म्हणणं, की मग ड्युटी हा प्रकारच नको. इथे मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही, आणि हे त्यांना वाचून दाखव.

१९८६ साली तेलबियांचं टेक्नॉलॉजी मिशन सुरू झालं. तेव्हा बियाणं, खरेदी, प्रक्रिया आणि आयातीवर लगाम असं सगळं एकत्र केलं होतं, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वतःच्या पायावर उभा होता, पिवळी क्रांती म्हणायचे तिला. आपल्याकडे मराठवाड्यात, विदर्भात सोयाबीन पसरलं ते याच काळात आणि त्यानंतर. मग १९९४ ला पामतेलाची आयात खुली झाली, ड्युटी ६५ टक्क्यांवर ठेवली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत ती पंधरा-सोळापर्यंत उतरवली. तेल स्वस्त झालं, गरिबाच्या घरात तेल जास्त पोचलं, ते चांगलंच झालं, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण तेलबियावाला तिथे जो मागे पडला तो पडलाच. तेव्हाची लगाम धरायची पद्धत अगदी बरोबर होती असं नाही, पण बाकीच्या गोष्टी सोबत असल्या तर ड्युटी काम करते याचा पुरावा आपल्याच शेतात आहे. नुसत्या ड्युटीने झालं असतं तर २०१८ ला कच्च्या पामतेलावर ४४ टक्के होती, तेव्हाच व्हायला पाहिजे होतं. तसंही एका मर्यादेपलीकडे हात बांधलेले आहेत, सोयाबीन तेलावर ४५ टक्क्यांच्या वर ड्युटी नेणार नाही असं भारताने डब्ल्यूटीओला, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेला, लिहून दिलंय, पामला मात्र ३०० पर्यंत मुभा आहे.

आणि आण्णांनाही एक गोष्ट ऐकावी लागेल. चांगल्या पामच्या बागेतून एकरी सव्वा-दीड टन तेल निघतं. आपलं सोयाबीन एकरी पाच क्विंटल आलं तर त्यातून तेल नव्वद किलो. ही तफावत कुठल्याच ड्युटीने भरून निघणार नाही. अगदी सोयाबीन सोयाबीनशी लावलं तरी ब्राझीलवाला आपल्या तिप्पट पिकवतो. ड्युटीने थोडा वेळ मिळतो, त्या वेळात बियाणं सुधारलं, पाण्याचा निचरा सुधारला, एकरी दोन क्विंटल वाढले तर तो वेळ कामी आला, नाहीतर गिऱ्हाइकाने दिलेले पैसे वाया.

यांना चिंचवडमध्येच याचं उदाहरण दिसेल. चाकण-पिंपरीचा गाड्यांचा धंदा उभा राहिला तो आयात गाड्यांवर वर्षानुवर्षं जबर ड्युटी होती म्हणून, बाहेरच्या कंपन्यांनाही मग गाडी इथेच बनवणं परवडलं, आणि त्यांच्यामागे हजारो छोटे वर्कशॉप आले. पण त्याच्या आधीची तीस-पस्तीस वर्षंही आठवा, ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी सोडून तिसरी गाडी सहसा दिसायची नाही, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि गाडी तशीच्या तशी. तेव्हाही बाहेरच्या गाडीला दार बंदच होतं. फरक पडला तो आत स्पर्धा आल्यावर. १९९१ च्या सुधारणांमध्ये सगळ्यात वरची ड्युटी १५० टक्क्यांवर आणली, म्हणजे त्याआधी काय असेल विचार कर, आणि २००७ पर्यंत कारखान्याच्या मालावर ती १० टक्क्यांवर आली, तरी आपले चांगले कारखाने मेले नाहीत.

आणखी एक तोटा आहे, तो आण्णांसारख्या माणसाच्या फार जवळचा आहे. तुम्ही ड्युटी लावली की समोरचा पण लावतो, आणि तो मारतो कुणाला, तर शेतकऱ्याला. २०१८ ला अमेरिकेने चीनच्या मालावर ड्युटी लावली, चीनने उलट अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के लावली. अमेरिकेतल्या सोयाबीनवाल्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका सीझनमध्ये निम्म्यावर आलं, ती जागा ब्राझीलने घेतली आणि पुढे ती पूर्ण परत मिळालीच नाही. तिथल्या सरकारला शेतकऱ्यांना दोन वर्षांत २,८०० कोटी डॉलरचं पॅकेज द्यावं लागलं. ते श्रीमंत आहेत, त्यांनी दिले.

आपल्याकडे काय झालं बघ. ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं. तिरुपूरच्या कपड्यांना मार बसणार म्हणून आपल्या सरकारने सूतगिरण्यांना कापूस स्वस्त मिळावा यासाठी १९ ऑगस्टपासून कापसावरची ११ टक्के आयात ड्युटी काढली, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी जेव्हा यवतमाळ, परभणी, बीडची कापूस वेचणी चालू असते तेव्हा. टॅरिफ लावलं वॉशिंग्टनने, आणि झळ पोचली आपल्या कापसाच्या भावाला. गिरणीवाल्याचंही खोटं नव्हतं गं, त्याच्या ऑर्डरी गेल्या होत्या, त्याच्याकडेही कामगार आहेत. तुझ्या घरातलं भांडणच देशाच्या पातळीवर, एवढंच.

तेव्हा तुझ्या मुख्य प्रश्नाचं माझं उत्तर ऐक. शेतीमालावर, विशेषतः तेलबियांवर, बेताची ड्युटी असावी असं मला मनापासून वाटतं. पण ती पेरणीच्या आधी, मे महिन्यात, निदान तीन वर्षांसाठी जाहीर झालेली असावी. २०१८ ला ४४, २०२१ च्या ऑक्टोबरात बेसिक शून्य, २०२४ ला साडेसत्तावीस, २०२५ च्या मेअखेर साडेसोळा, असं जर चाललं तर शेतकरी कशाच्या भरवशावर पेरेल आणि फरसाणवाला कशाच्या भरवशावर ऑर्डर घेईल? २०२१ ला लातूरला सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, आण्णांना तो भाव पाठ असेल. त्याच ऑगस्टात सरकारने १२ लाख टन जीएम पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव कोसळला. कित्येक जण दहा हजारचे बारा हजार होतील म्हणून थांबले होते. मी त्यांची तोंडं बघितलीत, प्लांटच्या गेटवर. ड्युटीच्या टक्क्यापेक्षा हे रात्रीतून होणारे बदल जास्त घरं बसवतात असं माझं मत आहे, आणि बावीस वर्षांत ते बदललेलं नाही.

मे २०२५ च्या बदलात एक गोष्ट मात्र बरी झाली हे सांगायला हवं. कच्च्या तेलाची ड्युटी उतरवली पण रिफाइंडची ३५.७५ च ठेवली, त्यामुळे दोघांतलं अंतर सव्वाआठ टक्क्यांवरून सव्वाएकोणीस झालं. म्हणजे तयार तेल आणण्यापेक्षा कच्चं आणून इथे रिफाइन करणं परवडतं, इथल्या रिफायनऱ्या चालतात, कामगार टिकतो. आण्णांना याचा थेट उपयोग नाही, पण देशाला आहे. आणि आण्णा म्हणतात तसं ते फक्त शहरवाल्यांसाठी केलेलं नव्हतं, तेल औशातही विकतच घेतात, तुझ्या आईला विचार महिन्याला किती लागतं.

शेतकऱ्याला आधार द्यायचे दुसरे रस्तेही आहेत. मध्य प्रदेशने २०२५ ला सोयाबीनसाठी भावांतर आणलं, म्हणजे शेतकऱ्याने बाजारात विकायचं आणि हमीभाव आणि बाजारभाव यांच्यातला फरक ठरलेल्या हिशेबाने सरकारने खात्यात टाकायचा. त्यात यांचा डबा महाग होत नाही, पैसे सरकार उघडपणे देतं, म्हणजे बजेटमध्ये दिसतात. अडचण ही की सरकारला खरंच पैसे काढावे लागतात, आणि व्यापारी मुद्दाम भाव पाडतील अशी भीती असते. ड्युटी सरकारला सोपी वाटते ती याचमुळे, तिजोरीतून काही जात नाही, उलट येतं.

बरं, आता चाळीस कट्टे. साठ किलोचा कट्टा धरला तर चोवीस क्विंटल. आण्णांना माझं सांग, ड्युटीच्या आशेवर एकही कट्टा ठेवू नका. वरचा हिशेब त्यांना करून दाखव, ड्युटी वाढली तरी पेंड वाढल्याशिवाय सोयाबीन म्हणावं तसं हलत नाही. त्यांना भावाचा अंदाज घ्यायचाच असेल तर ड्युटीच्या बातम्यांपेक्षा प्लांट रेट (प्लांट ज्या भावाने सोयाबीन घेतात तो) आणि डीओसीचा रेट रोज बघायला सांग, कुठल्याही आडत्याच्या मोबाईलवर असतो.

२०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ होता, हंगामात बाजारभाव त्याच्या खूप खाली होता. तेव्हा पहिला प्रयत्न सरकारी खरेदी केंद्राचा. नोंदणी झालीय का विचार, सातबारावर ई-पीक पाहणीत सोयाबीन लागलंय का बघ, आणि आधार लिंक असलेलं खातं चालू आहे का ते. केंद्रावर अडतं ते मॉइश्चरला, म्हणजे दाण्यातल्या ओलाव्याला, नियम बारा टक्क्यांचा (२०२४ ला पंधरापर्यंत सूट दिली होती, पण त्याच्यावर विसंबू नका), पुराचा माल असेल तर दोन दिवस ताडपत्रीवर उन्हात पसरून, चाळणी मारून मगच न्या, डागी दाणा वेगळा काढा. डागी माल केंद्र घेणार नाही, तो बाजारात मिळेल त्या भावाने देऊन टाकायचा, त्याला ठेवून काही उपयोग नाही, उलट बुरशी धरेल आणि चांगल्याला लागेल.

नोंदणी राहिली असेल आणि पैशाची नड असेल तर बाजार समितीत शेतमाल तारण योजना आहे का चौकशी करा, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळतात, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. सावकाराकडून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं. बाकीचा माल एकदम विकायचा नाही आणि एकदम ठेवायचाही नाही, तिसरा हिस्सा आता, तिसरा महिन्याने, असं. भाव कुठे जाईल ते आण्णांना माहीत नाही, मला माहीत नाही, प्लांटवाल्यालाही नसतं.

यांच्यासाठीही आहे. ड्युटीची बातमी आल्यावर पळत जाऊन सीझनचं तेल एकदम भरू नका म्हणावं, बातमीच्या पहिल्या चार दिवसांत होलसेलचा भाव सगळ्यात वेडा असतो, आणि मेमध्ये ड्युटी उतरली तेव्हा ज्यांनी गोडाऊन भरलं होतं ते अडकले. दोन-तीन आठवड्यांचा साठा पुरे. दुकानदारांशी दिवाळीच्या ऑर्डरीचा रेट ठरवतानाच लिहून घ्यायचं, डबा अमुक रुपयांच्या वर गेला तर किलोला इतके वाढतील. लोक नाही म्हणत नाहीत, आधी सांगितलं तर. तळणीचं तेच तेल पुन्हा पुन्हा वापरून खर्च वाचवायचा मोह मात्र आवरायला सांग. आणि ड्युटी उतरली म्हणून डबा तेवढाच उतरेल हेही धरू नका, बाहेरचा भाव त्याच वेळी वर गेला तर फरक तिथेच जिरतो.

माहेरी पुढच्या सुट्टीला जाच. जाताना यांनी सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२४ ची तेलाची दोन बिलं घ्यायची, आण्णांनी त्याच हंगामाची आडतीची पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेली विक्रीची पावती, काढून ठेवायची. जेवणं झाल्यावर तिन्ही कागद एका जागी ठेवून तू मधे बस आणि अठरा किलो-ऐंशी किलोचा हिशेब तूच कर, त्या दोघांना करू देऊ नकोस. आण्णांना जावयाची बाजू जावयाच्या तोंडून ऐकायची सवय नाही आणि यांना सासऱ्याची पट्टी कधी बघायलाच मिळाली नसेल, आडत-हमाली-तोलाई जाऊन हातात काय येतं ते बघितल्यावर माणूस जरा वेगळं बोलतो, हे मी प्लांटमध्ये नव्या आलेल्या पोरांचं बघितलंय.

आणि कट्टे केंद्रावर जायच्या आधी एक काम राहतं. नऊ एकराला एकरी तीस किलो धरून पावणेतीन क्विंटल घरचं बियाणं लागेल, बाजारातली पिशवी फार महाग पडते. सगळ्यात स्वच्छ, न भिजलेले पाच कट्टे बाजूला ठेवायचे, वरून आपटायचे नाहीत, पाचच्या वर थप्पी लावायची नाही, जमिनीला टेकवायचे नाहीत. पण आधी उगवण बघायची, यंदा तर नक्कीच, कारण शेंगेत पाणी लागलेला दाणा वरून चांगला दिसतो आणि जूनमध्ये दगा देतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवा, गुंडाळा, रोज पाणी शिंपडा, सहाव्या-सातव्या दिवशी उघडून मोजा. सत्तर उगवले तर बियाणं ठेवा, पन्नास-साठ असतील तर बी वाढवून पेरावं लागेल, त्याच्या खाली असतील तर ते पाच कट्टेही विकून टाका. किती उगवले ते मला कळव.

– ताई